तळ्यापल्याडच्या सहा वह्या

रायपूर, बूढ़ापारा
९ नोव्हेंबर २०२४

यशवंता,

वर मायना नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. 'प्रिय' लिहायला हात धजला नाही. दुसरं जे सुचलं ते टपालखात्याच्या माणसांसमोर उघडं पडू नये म्हणून खोडून टाकलं. सत्तावन्न वर्षांनी पहिलं पत्र लिहितो आहे. तब्येत विचारणार नाही. तुझी तब्येत चांगली राहावी अशीच माझी इच्छा आहे, निदान डिसेंबर संपेपर्यंत. का ते पुढे येईल.

दिवाळीत माझ्या नातीनं, राधानं, मला एक खोका भेट दिला. ती दर शनिवारी तेलीबांधाकडे मैत्रिणींबरोबर असले खेळ खेळायला जाते. टेबलाभोवती बसायचं, एकीनं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं आणि फासे टाकून जगायचं-मरायचं. "दादाजी, इसमें रायपुर लिखा है, तो मैंने मँगवा लिया," म्हणाली. झाकणावर तळं, तळ्यात बेट, बेटावर कंदील घेतलेला एक पोरगा. नाव 'तळ्यापल्याड'. खाली 'निर्मिती : यशवंत डोर्लीकर'. आत पुस्तिका. पुस्तिकेत तुझा पांढऱ्या दाढीतला फोटो, आणि मजकूर असा की रायपूरच्या एकाकी बालपणात, एका रेल्वे गार्डच्या मुलानं, स्वतःची सोबत म्हणून हा खेळ रचला.

एकाकी? अरे, तू दिवसातून दोन वेळा आपल्या खेळातल्या हिरालालच्या घरी जेवायचास आणि तिसऱ्या वेळी आमच्याकडे. आईनं तुझ्यासाठी वेगळी ताटली ठेवली होती. तुला आमच्या घरून घालवायला बाबांना दिवा मालवावा लागे.

पुस्तिका वाचताना आमचं ते टेबल डोळ्यांपुढे आलं. बाबा सिंचन खात्यात होते. ऑफिसातून बाद झालेले नकाशांचे कागद आणत, आणि त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी तळं काढायचो. खिडकीतून दिसायचं तेच बूढ़ा तालाब, पण त्याच्या पलीकडचा काठ मी रोज नवा काढायचो. आज तिथं दलदल, उद्या किल्ला. फोडलेले सात चिंचोके टाकायचे. चार पांढरे पडले तर जगलास, कमी पडले तर गोष्ट तुला काय करायचं ते करणार. आणि नदी आली की मराठी कवितेचं एक कडवं, न अडखळता. हा नियम जगातल्या कुठल्याच खेळात नसेल. आपली शाळा हिंदी. मराठी कविता आपल्याला भेटायच्या त्या बाबांनी नागपूरहून आणलेल्या जुन्या वाचनपुस्तकांतून, कोपरे कुरतडलेल्या, कधी कधी शेवटचं कडवं नसलेल्या. त्या कविता म्हणून आपण नद्या ओलांडल्या. मला अजून एखादी ओळ आठवली की पायांना पाणी लागल्यासारखं वाटतं. तू नेहमी तिसऱ्या ओळीला बुडायचास. हिरालाल, ज्याची मराठी मातृभाषा नाही, तो पल्याड पोचायचा आणि तू बुडायचास.

तुझ्या खोक्यात नदी ओलांडायला निळे पत्ते आहेत. पत्ता टाकला की झालं. तुला पोहता येत नव्हतं म्हणून तू नदीच आटवलीस.

वह्या सहा होत्या. त्यांतल्या पाच तुझ्याकडे आहेत हे मला माहीत आहे. सहावी कुठे आहे हे तुला माहीत नसावं. ती माझ्याकडे आहे. पाचवी वही ज्या अर्ध्या वाक्याशी संपते, तिथून सहावी सुरू होते. पाचव्या वहीची ती शेवटची ओळ तू पुन्हा एकदा काढून वाच. झोप लागायची नाही, असं मला वाटतं.

— भास्कर पांढरीपांडे


२० नोव्हेंबर २०२४

यशवंता,

उत्तर आलं नाही. मी वाट पाहतही नव्हतो.

इथल्या मराठी मंडळाची गेल्या रविवारी बैठक झाली. 'रायपूरचा सुपुत्र' म्हणून तुझा सत्कार डिसेंबरात करायचं दिवाळीतच चाललं होतं, आता २२ तारीख पक्की झाली आहे. तुझी संमती आधीच आली आहे म्हणे, येण्याजाण्याच्या तारखांसकट. तुझ्या प्रकाशनाच्या संपादक देवश्रीबाईही पुण्याहून येणार आहेत. अध्यक्ष म्हणाले, पाहुण्यांचा परिचय करून द्यायला त्यांना लहानपणापासून ओळखणारं कोणी हवं. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी नम्रपणे खाली पाहिलं. असं खाली पाहणं मला जन्मभर जमलेलं आहे. सदतीस वर्षं मी सरकारी नकाशे काढले आणि एकावरही माझं नाव नाही.

तर परिचय मी करून देणार आहे. तू कुठे बसशील तेही मी पाहून आलो. मधली खुर्ची, उंच पाठीची. तुझ्या अंगावर शाल पडेल, नारळ हातात येईल. नारळ हातात असला की माणसाला लवकर उठता येत नाही. तेव्हा मी उभा राहीन. सावकाश सुरू करीन. तुझ्या वडिलांच्या कंदिलाबद्दल, हिरालालच्या आईच्या चिल्यांबद्दल, त्या तांदळाच्या धिरड्यांबद्दल सांगीन. लोक हसतील, तूही हसशील. मग मी पिशवीतून सहावी वही काढीन. तुझ्या पुस्तिकेत तू हौसेनं छापलेलं पाचव्या वहीचं ते शेवटचं पान तिच्याशेजारी धरीन आणि विचारीन, "यशवंतराव, हे अर्धं वाक्य तुमचं असेल, तर उरलेलं अर्धं आमच्या घरी कसं?"

हे वाक्य मी रोज सकाळी तळ्याकाठी फिरताना म्हणून पाहतो. काल एका मॉर्निंगवॉकवाल्यानं थांबून विचारलं, काही हवंय का.

सगळं आधी का सांगतो आहे? कारण तू आलास तर जिव्हारी लागेल, आणि नाही आलास तरी लागेल. हा महिना तुला सुखाचा जाऊ नये, एवढंच माझं मागणं आहे.

१९६७ चा जून आठव. तुझ्या वडिलांची बदली झाली. सामान टेम्पोत चढलं होतं. तू पळत आमच्या घरात आलास आणि म्हणालास, "वह्या दे, उतरवून घेतो, महिन्याभरात टपालानं परत." देवाशप्पथ म्हणालास, विद्याशप्पथ म्हणालास. आईनं हाताशी सापडल्या त्या पाच वह्या वर्तमानपत्रात बांधून दिल्या, वर चार लाडू. आमच्याकडून तीन कार्डं गेली. तिसऱ्या कार्डाचं अक्षर कोणाचं होतं ते तुला आठवत असेल. त्यात एकच ओळ होती : 'तुझा राजपुत्र दलदलीत कमरेपर्यंत आहे, वह्या पाठव, त्याला काढायचं आहे.' तू स्वतःच्याच राजपुत्राच्या जिवासाठीही उत्तर दिलं नाहीस.

भेटू. मधली खुर्ची विसरू नकोस.

— भास्कर


२ डिसेंबर २०२४

यशवंता,

तुझं पत्र पुण्याहून कुरिअरनं आलं. दोन पानं, टाइप केलेली. सही तेवढी हातची.

वाचताना मी पलंगावर बसलो होतो. वाचून झाल्यावर खाली बसलो. तू लिहितोस, 'भास्कर, वह्यांतलं अक्षर तुझं नाही आणि माझंही नाही. आपण दोघंही विनूच्या वह्यांवर भांडतो आहोत.' पुढे लिहितोस की १९७३ च्या एका दिवाळी अंकात मुलांच्या विभागात 'काळ्या बेटाचा पहारेकरी' नावाची कथा आली होती, लेखक भास्कर पांढरीपांडे. तू ती नागपूरच्या वाचनालयात वाचली होतीस आणि तेव्हाच तुला कळलं होतं की सहावी वही कुठे आहे.

आता काय लपवायचं? हो. गोष्टी विनू सांगायची. माझी धाकटी बहीण विनोदिनी, तेव्हा नऊ-दहा वर्षांची, टेबलाच्या त्या बाजूला उशीवर उशी ठेवून बसायची. 'बेटावर उतरलात. तीन वाटा आहेत. मधल्या वाटेवरून कोणीतरी तुमच्याच आवाजात तुम्हाला हाका मारतंय. काय करता?' तिच्या तोंडून हे ऐकताना तुझ्या हातातले चिंचोके घामानं ओले व्हायचे. मी नकाशे काढले. तू आणि हिरालाल खेळलात. बाकी सगळं तिचं : माणसं, राक्षस, कवितेचा नियम, सगळं.

आणि तो दुसरा नियमही तिचाच, ज्यावर तू आणि मी दोघं जगलो. सांगणाऱ्याचं नाव वहीत लिहायचं नाही. आठवतो? 'नाव लिवलं तर जंगलाले समजते गोष्ट कोण सांगून राहिलं, मग ते सांगणाऱ्यालेच धरते.' म्हणून प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर खेळणाऱ्यांची नावं आहेत, नकाशा काढणाऱ्याचं आहे आणि तिचं कुठेच नाही. पोरीनं स्वतःचं नाव स्वतः वगळलं आणि ती जागा आपल्या दोघांसाठी मोकळी ठेवली.

पण तुझी आणि माझी चोरी सारखी आहे असं समजू नकोस. मी एक कथा छापली, वीस वर्षांचा असताना, आणि ती कोणी वाचलीही नाही. (तू वाचलीस. तूच वाचावीस, हे माझं नशीब.) तू पाच वह्यांचा खोका करून दुकानांत मांडला आहेस.

आता तुझ्या पत्राचा दुसरा भाग. दुसऱ्या आवृत्तीवर 'यशवंत डोर्लीकर आणि भास्कर पांढरीपांडे' असं छापायला तू तयार आहेस. देवश्रीबाईंना सांगायचं की बालपणीचा जोडीदार सापडला. मी सत्काराच्या दिवशी गोड बोलायचं आणि सहावी वही खेळाच्या पुढच्या भागासाठी द्यायची. विनूबद्दल तू लिहितोस, 'तिला या वयात याचं काय?'

हे वाक्य वाचून मला तुझा गळा धरावासा वाटला. मग दोन दिवस ते वाक्य माझ्याही कामाला येतं का, ते पाहत बसलो. विनू अडुसष्ट वर्षांची आहे. मुलींच्या शाळेत तीस वर्षं तिनं हिंदीतून गणित शिकवलं, लग्न केलं नाही, वरच्या खोलीत राहते, सकाळी कोडी सोडवते. तुझ्या नावानं बोटं मोडते, पण खेळाचं नाव तिनं सत्तावन्न वर्षांत काढलेलं नाही. खोका मी तिच्या दृष्टीस पडू दिलेला नाही. माझ्या कपाटात, गरम कपड्यांखाली आहे.

कराराचा कागद पाठव. वाचून पाहतो. वाचण्यात काही जात नाही.

— भास्कर


९ डिसेंबर २०२४

यशवंता,

कागद मिळाला. सही केली आहे. अजून टाकला नाही; पोस्टाकडे दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा शेजारच्या टपरीवर चहा पिऊन परत आलो.

परिचयाचं भाषण बदललं आहे. आता त्यात कंदील आहे, चिले आहेत, वही नाही. फार कडवट वाटतं म्हणून तुझ्या कवितेच्या तिसऱ्या ओळीचा उल्लेखही काढला. लोकांना आवडेल असं झालं आहे. मला आवडत नाही.

एका कोऱ्या कागदावर आपली दोन्ही नावं शेजारी लिहून पाहिली. बरी दिसतात, हेच मला सहन होत नाही.

— भा.


१५ डिसेंबर २०२४

यशवंता,

कागद तुझ्याकडे येणार नाही. फाडलेला नाही, विनूकडे आहे.

काल दुपारी राधाला तो खोका खेळायला हवा होता. मी तळ्यावर गेलो होतो. तिनं कपाट उघडलं, खोका काढला आणि जेवणाच्या टेबलावर मांडला. विनू कोडं सोडवत तिथंच बसली होती. राधा तिला म्हणाली, "बुआ दादी, आप भी खेलो ना, आपके रायपुर का ही है." मी घरात आलो तेव्हा विनूनं पुस्तिका डोळ्यांजवळ धरली होती. तू छापलेलं ते जुनं पान. त्या पानाशी ती किती वेळ थांबली होती कोणास ठाऊक. राधा घाबरून माझ्याकडे पाहत होती.

विनूनं राधाला वर पाठवलं, चष्मा आणायला. चष्मा तिच्या नाकावरच होता. राधा समजली आणि गेली.

"हे माझं डाव्या हाताचं अक्षर होय," विनू म्हणाली. "शाळेत मास्तरनी हातावर पट्टी मारून उजव्यानं लिवायले लावे. डाव्यानं मी फक्त ह्या वह्यांत लिवलं."

मी म्हणालो, हो.

"तुले कधी समजलं?"

दिवाळीत, म्हणून सांगितलं.

"अन् मले काहून नाही सांगितलं, दादा?"

मी म्हणालो की मी यशवंताचा बंदोबस्त करून राहिलो होतो, सगळं ठरलं की सांगणारच होतो. तिनं खोक्यातून तुझा करार काढला. मूर्ख मी, त्याच खोक्यात ठेवला होता. दोन नावं, खाली माझी सही. तिनं तो पूर्ण वाचला, गणिताची बाई जसं उत्तर आधी आणि रीत मागाहून तपासते तसा, शेवटाकडून सुरुवातीकडे.

"हा बंदोबस्त का?"

तिनं माझ्या सहीवर बोट ठेवलं.

"यशवंतानं नेल्या. तो चोर आहे, समजते मले. पण हितं लिवलं आहे, 'श्री. पांढरीपांडे यांच्याकडील सहावी वही.' सहावी तर त्यानंच नेली होती ना? तू सांगितलं होतं मले. सहाही नेल्या म्हणून."

यशवंता, हे मी तुलाही लिहिलं नव्हतं. आता लिहितो. तू गेलास त्या संध्याकाळी विनूनं विचारलं, सहावी कुठे आहे? ती माझ्या शर्टाखाली, पोटाशी होती. मी म्हणालो, त्यानंच नेली, सहाही. ती रडली नाही. म्हणाली, वही नसली तर पुढं कसं सांगू, मागचं सगळं त्यात आहे. आणि तिनं सांगणं थांबवलं. मला तेच हवं होतं. मला सांगणारा व्हायचं होतं. तेरा वर्षांचा होतो. टेबलाची ती बाजू, उशीवर उशी, सगळ्यांचे डोळे आपल्यावर, हे मला हवं होतं. आठवड्यानं तिला मावशीकडे पाठवलं तेव्हा मी सहावी वही समोर ठेवून हिरालालला आणि त्याच्या भावाला खेळवायला बसलो. दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी हिरालाल उठला आणि म्हणाला, "भैया, तैं नक्सा बना, कहानी झन सुना." गोष्ट सांगू नकोस, नकाशेच काढ, एवढंच. त्याला दुखवायचं नव्हतं. खरं तेवढं बोलला.

हे सगळं मी विनूला सांगितलं. टेबलाजवळ उभा राहून, तिनं बस म्हटलं नाही म्हणून. गरम कपड्यांखालून वही आणून दिली. कथा छापली तेही सांगितलं. तिनं वही उघडली नाही. हात ठेवून बसली, डावा.

मग म्हणाली, "मी सत्तावन वर्सं यशवंताले शिव्या दिल्या. एकट्यालेच. तू ऐकत राहिला." आणि पुढे : "पोट्टी होती मी, दादा. दहा वर्साची. तुले मागितली असती तर मी तुले सांगू दिली असती गोष्ट."

वही आणि करार घेऊन ती वर गेली. तेव्हापासून जेवायला खाली येते, माझ्यासमोरच बसते, आणि मीठ हवं असलं तर राधाकडे मागते.

तू 'तिला या वयात याचं काय' असं लिहिलं होतंस. मी ते तुझं पत्रही तिला वाचायला दिलं.

२२ तारखेला ये. माझं भाषण पुन्हा बदललं आहे, आणि आता त्यात तू एकटा नाहीस.

— भास्कर


२४ डिसेंबर २०२४

यशवंता,

तू आला नाहीस. रक्तदाब वाढल्याचा तुझा निरोप अध्यक्षांनी माइकवरून वाचून दाखवला. लोक हळहळले. मधल्या खुर्चीवर शाल घडी करून ठेवली, वर नारळ. माझ्या मनातलं चित्र इतके दिवस मी घासूनपुसून ठेवलं होतं, आणि ऐनवेळी तू त्यातून निघून गेलास. तुझी ही सवय जुनी आहे.

तरी अध्यक्ष म्हणाले, परिचय करून द्या, देवश्रीबाई आल्याच आहेत, त्यांच्यामार्फत त्यांना पोचेल.

मी उभा राहिलो. सभागृहात साठएक माणसं. शेवटच्या रांगेत विनू, तिच्या शेजारी हिरालाल, पांढरा सदरा घालून. सायकलचं दुकान बंद करून आला होता. मी कंदिलानं सुरुवात केली नाही. म्हणालो, आज ज्यांचा सत्कार आहे त्यांनी हा खेळ बनवलेला नाही. मीही बनवलेला नाही. बनवणारी शेवटच्या रांगेत बसली आहे. मग सगळं सांगितलं, आधी तुझं, मग माझं. तुझं सांगताना फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. प्रत्येक शब्द जिभेवर धरून सोडला. लाडू सांगितले, तीन कार्डं सांगितली, तिसऱ्या कार्डातली ओळ सांगितली तेव्हा एक बाई 'अगंबाई' म्हणाल्या. मग माझी पाळी आली. पाणी मागितलं तर स्वयंसेवकानं आणेपर्यंत सगळे माझ्याकडे पाहत होते आणि थांबायला जागा नव्हती.

एका सभासदांनी उठून विचारलं, याला पुरावा काय, एका आजारी माणसाच्या मागे बोलणं शोभतं का. मी विनूच्या मांडीवरच्या वहीकडे बोट करणार तोच हिरालाल उभा राहिला. "मैं पुरावा हँव," म्हणाला. "कहानी बिनू दीदी सुनावत रहिस. ये दूनो झन नइ." मग सभासदांकडे पाहून हिंदीत, "आपको कविता सुनाऊँ? नदी पार वाली? सत्तावन साल से याद है." लोक हसले, आणि हिरालालनं खरंच एक कडवं म्हटलं, त्याच्या उच्चारात, न अडखळता. मागून कोणीतरी म्हणालं की वडे थंड होऊन राहिले. सभा तिथंच संपली.

देवश्रीबाई हुशार आहेत. त्यांनी कोपऱ्यात जाऊन तुला फोन लावला. तू त्यांना म्हणालास, ती बालपणीची सामूहिक निर्मिती होती. त्यांनी विचारलं, मग पुस्तिकेत 'एकाकी' कुठून आलं? तू म्हणालास, नंतर बोलू. रक्तदाबाच्या मानानं तुझा आवाज ठणठणीत होता, असं त्यांनी आम्हाला सांगितलं.

मग त्या विनूपाशी आल्या आणि म्हणाल्या, कंपनी पुढची आवृत्ती थांबवेल, तुमच्या नावानं नव्यानं काढेल, बाकीची नावं काढून टाकू. विनूनं वडा अर्धा खाऊन प्लेटमध्ये ठेवला.

"काढून काहून टाकता?" म्हणाली. "राहू द्या ना. ज्यानं जे केलं ते लिवा."

मला वाटलं, नकाशांबद्दल बोलते आहे. माझा जीव एक क्षण भांड्यात पडला. तिनं देवश्रीबाईंचं पेन मागितलं आणि कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीवर लिहिलं. डाव्या हातानं, सावकाश, शाळेत फळ्यावर लिहितात तसं :

गोष्टी सांगणारी : विनोदिनी पांढरीपांडे
नकाशे : भास्कर पांढरीपांडे
नद्या ओलांडणारा : हिरालाल
पाच वह्या नेणारा : यशवंत डोर्लीकर
सहावी वही लपवणारा : भास्कर पांढरीपांडे

देवश्रीबाईंनी शेवटच्या दोन ओळी सोडता येतील का असं विचारलं. खोका मुलांच्या हातात जातो, म्हणाल्या. विनू म्हणाली, म्हणूनच. पोरांनी वाचलं पाहिजे. आणि नसेल छापायचं तर खेळही नाही. तिला कसलीच घाई नाही, तिनं बराच काळ वाट पाहिली आहे.

काल पुण्याहून ईमेलवर नवा कागद आला. त्या पाच ओळी झाकणाच्या आतल्या बाजूला येतील, मोठ्या टाइपात. आपल्या दोघांच्या सह्या लागतात, की हे खरं आहे आणि आमची हरकत नाही. माझं नाव दोन ठिकाणी आहे, म्हणून मी दोनदा सही केली. तुझ्या जागेवर विनूनं पेन्सिलीनं फुली करून ठेवली आहे. कागद सोबत जोडला आहे.

तुला वाटेल भास्करनं सूड घेतला. मला घ्यायचा होता, देवाशप्पथ, दीड महिना दुसरं काही सुचलं नाही. पण तुझ्यासाठी मी जे योजलं होतं ते एका संध्याकाळचं होतं. हिनं जे योजलं ते प्रत्येक खोक्यात असेल. राधाच्या मैत्रिणी ते वाचतील, त्यांची पोरं वाचतील, फासे टाकायच्या आधी दर वेळी. तू तिथं पुण्यात झाकण न उघडता राहू शकशील. माझ्या जेवणाच्या टेबलावर ते रोज उघडं असेल, कारण विनू आणि राधा आता दुपारी खेळतात. काल हिरालालही आला होता. तिघांनी तुझा राजपुत्र दलदलीतून काढायचा की नाही, यावर मतं घेतली. मला विचारलं नाही. मी आतल्या खोलीतून ऐकलं. नाही म्हणून ठरलं.

मुदत दहा जानेवारीची आहे. सही आली नाही, किंवा पाच वह्या आल्या नाहीत, तर विनू स्वतः घ्यायला येणार आहे, तुझ्या दारात. हिरालाल सोबत जातो म्हणतो. राधानं पुण्याच्या गाडीची तिकिटं पाहून ठेवली आहेत, अकरा तारखेची. तिकिटं तीन आहेत, तिसरं राधाचं.

— भास्कर